चंद्राची कळ

नांदेड
गुरुवार, दुपार

प्रिय अहो,

तनुजाचं जमलं. मुलगा लातूरचा आहे, मिहिर नाव, शाळेत गणित शिकवतो. आपल्या पोरीपेक्षा जरा बुटकाच, पण हसला की एका गालानं हसतो, तुमच्यासारखा. ते पाहिलं आणि मी हो म्हणून टाकलं. तुळशीचं लग्न झालं की लगेचची तारीख धरलीय. कार्ड मीच कंपोज करतेय. गावभराची कार्डं आपल्या दुकानात झाली, आणि पोरीचं बाहेर देऊ होय?

कागद आणलाय, गणपतीचं चित्र तनुजानं निवडलंय. मजकुराशी अडलंय. कॉम्प्युटरवर लिनक्सची नवी आवृत्ती चढवली, चढवावीच लागली, जुनीवर काहीच धड उघडेना. पण ती चढल्यापासून कीबोर्डच्या वरच्या ओळीतल्या आपल्या खास कळा मुक्या झाल्या. बटण म्हणायचं नाही, हे तुमचं लक्षात आहे माझ्या. "बटण शर्टाला असतं, ही कळ." पाकिटाच्या चित्राची कळ दाबली की 'श्री.', घराच्या चित्राची दाबली की 'सौ.', कॅल्क्युलेटरची 'चि.', आणि चंद्रकोरीची 'कै.'. कंपनीनं ती चंद्रकोर कॉम्प्युटरला झोपवायला दिलेली. "झोपायचीच कळ आहे, मी फक्त झोप थोडी लांबवली," असं तुम्ही म्हणाला होतात. तुम्ही हसलात. मी नव्हते हसले.

तुम्ही शिकवलं होतं तसंच केलं. तपासणीची खिडकी उघडायची, कळ दाबायची आणि ती स्वतःचं काय नाव सांगते ते वाचायचं. "आधी तिला इचार तू कोण, मग सांग तू काय कर." प्रत्येक कळीच्या दोन ओळी उमटतात, एक दाबल्याची, एक सोडल्याची. पाकीट बोललं, घर बोललं, कॅल्क्युलेटरही बोलला. चंद्रकोरीनं दाबल्याची ओळ दिली आणि सोडल्याची दिलीच नाही. मी हात उचलून मांडीवर ठेवला, तरी मशीनच्या लेखी ती कळ दाबलेलीच. चौकशी केली तेव्हा समजलं, काही कीबोर्डांच्या खास कळा अशाच असतात, सोडल्याची खबर देत नाहीत. तो बिघाड धरायचा नाही. मग प्रत्येकीला तिचं जुनं काम परत नेमून दिलं, आणि चारी कळा लिहायला लागल्या.

मग कार्ड उघडलं. वराकडची नावं भराभर बसली. आमंत्रणात तुमच्या चाकूरच्या मामांचं नाव घातलं, 'श्री.' आलं. मग वधूपित्याच्या ओळीवर आले. तुमचं नाव मी तोंडानं कधी घेतलं नाही, फक्त कार्डावर लिहिलं, दुकानाच्या नावाखाली, दर वेळी. पाकिटाची कळ दाबली आणि पडद्यावर 'कै.' आलं. पुसलं. पुन्हा दाबली, पुन्हा 'कै.'. मशीन बंद करून चालू केलं, तरी तेच. वराच्या वडिलांच्या नावाआधी तीच कळ दाबली तर 'श्री.' येतंय, मामांना येतंय, फक्त तुम्हाला येत नाही. तनुजा म्हणाली, "सरक आई, बघू दे." तिनं दाबली, नीट 'श्री.' आलं. "कुठं काय बिघडलंय? उगं काहीतरी." ती उठून गेली. मी बसले, दाबली, आणि 'कै.'.

तेव्हा मला नायगावचे हणमंतराव आठवले. त्यांच्या पुतणीच्या कार्डावर तुमच्या हातून त्यांच्या नावाआधी 'कै.' पडलं होतं, आणि कार्डं वाटून झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं. ते स्वतः कार्ड घेऊन दुकानात आले, केवढे हसत होते. "सायेब, मला इतक्यात कुठं धाडायलाव? पोरीच्या लग्नाची बुंदी तर खाऊ द्या!" तुम्ही त्यांना चहा पाजलात, कार्डं नव्यानं छापून दिलीत. बुंदी त्यांच्या नशिबात नव्हती. हळदीच्या दिवशी मांडवातच बसल्या जागी गेले. म्हातारे होते, दम्याचे होते, सगळ्यांनी तेच सांगितलं. तुम्ही तडक दुकानात आलात, चिमट्यानं त्या चंद्रकोरीची टोपी उचकटलीत आणि खिशात घातलीत. खाली नुसता पोकळ खुंट उरला. त्यानंतर 'कै.' लिहायचं तर पेनाच्या टोकानं तो खुंट दाबायचा, म्हणजे चुकून कुणाला लागू नये. टोपी तुमच्या खिशातच राहायची. शर्ट धुवायला टाकताना मी ती काढून ठेवायचे आणि तुम्ही सकाळी न विसरता परत घ्यायचात.

ज्या दिवशी तुम्ही शाई आणायला लातूरला गेलात, त्या दिवशीही ती तुमच्या खिशात होती. "संध्याकाळच्या गाडीनं येतो," म्हणालात. लातूरच्या दुकानात तुम्ही पोचलाच नाहीत. एका जीपवाल्यानं तुम्हाला किल्लारीला उतरताना पाहिलं, तुमच्या जुन्या गावाकडं पायी निघालेलं पाहिलं. त्याच्यापुढं कुणीच काही पाहिलेलं नाही. पोलिसांनी शोधलं, मामांनी शोधलं, तनुजा दहावीचा अभ्यास टाकून माझ्यासोबत त्या पडक्या घरांतून हाका मारत फिरली. मीही हाक मारत होते. "अहो, अहो" म्हणून. त्या ओसाडीत ती हाक कुणालाही लागू पडली असती, हे मला नंतर कळलं.

परवा मामांचा फोन होता. "इंदू, कायद्याची सात वर्षंबी उलटून गेली. व्याही इचारायलेत, नावाआधी काय लिहिणार. भाचा माझा हाय, मलाबी बोलताना जड जातंय. पर कवातरी लिहावंच लागल का न्हाई?" मी म्हटलं, मशीन बिघडलंय, नीट झालं की लिहिते.

आज दुपारी तपासणीची खिडकी पुन्हा उघडली. लाईट होती, समोरच्या चहाच्या गाड्यावर माणसं होती, तनुजा मागं कागद मोजत होती. ठरवलं की पडद्यावरून नजर हलवायची नाही, आणि कार्डाच्या ओळी म्हणत म्हणत टाईप करायचं. मामांच्या नावाला पाकिटाच्या कळीच्या दोन ओळी आल्या, दाबली, सोडली. तुमच्या नावाला आले आणि पडद्यावर आलं, झोपेची कळ, दाबली. सोडल्याची ओळ आली नाही. मी खाली पाहिलं. माझं बोट त्या खुंटावर होतं. ते पाकिटावर आहे असं मी शपथेवर सांगितलं असतं. बोट उचललं तर पेरावर त्या पोकळ खुंटाचा गोल वळ उमटलेला, आणि त्याच्या आत कालचा, परवाचा, फिकट झालेला. इतकं रुतल्यावर दुखायला हवं होतं. दुखलं नव्हतं. मशीन पहिल्यापासून धडच होतं. माझ्या बोटाला कधीपासून ठाऊक आहे, आणि त्याला कुणी सांगितलं, ते मला माहीत नाही.

तुमच्याकडची रीत मी विसरलेले नाही. भूकंपात तुमचं सगळं घर गेलं, तुम्ही तेवढे मामांकडं चाकूरला होतात म्हणून वाचलात. आपल्या लग्नाच्या कार्डावर तुमच्या बाजूची प्रत्येक ओळ 'कै.'नं सुरू होत होती, आणि पहिलं कार्ड तुम्ही जुन्या गावात, घराच्या उरलेल्या ओट्यावर ठेवून आला होतात, वर दगड ठेवून, उडू नये म्हणून. उद्या सकाळी मी तिथंच जातेय. तनुजाचं एकच कार्ड छापलंय. तुमच्या नावाआधी जागा सोडलीय. हे पत्र त्याच पाकिटात घालतेय, सोबत एक पेन. आठ दिवसांनी परत येऊन बघीन आणि मगच बाकीची कार्डं छपाईला टाकीन. जागा कोरीच राहिली तर मामांचं ऐकेन, तो खुंट पेनाच्या टोकानं दाबीन, बघून, जाणूनबुजून. माझ्या नावाआधीही जागा सोडलीय, तुमच्यावरून ती मला भरता येईल. तुम्ही जे असाल ते लिहा. 'कै.' लिहिलंत तरी चालेल, फक्त अक्षर तुमचं असू द्या.

तुमचीच,
.......... इंदू