दादा आल्यावरच प्रार्थना

सिकंदराबाद, रविवार

तीर्थरूप आईस मिल्काचा शालोम आणि नमस्कार.

आम्ही दोघं बरी आहोत. दादाचा खोकला गेला. तू विचारलंस, शनिवारी काम बंद ठेवून शब्बाथ पाळता ना? खरं सांगते, रागावू नको. रेल्वेच्या कारखान्यात शनिवारची सुट्टी नाही. दादाला दुपारपर्यंत जावंच लागतं.

इथे प्रार्थनेला सिनेगॉग नाही. आपली मोजकी घरं एझ्राकाकांकडे जमतात. काल पुरुष नऊच आले. दहा असल्याशिवाय पुरी प्रार्थना होत नाही, तुला ठाऊकच आहे. कुणीतरी दादाचं नाव काढलं, तर काका म्हणाले, "नक्को! शब्बाथला घण मारणारा कशाला?"

सगळे उठायला लागले. मला चारचौघांत बोलता येत नाही, पण दाराआडून बोलले, "काका, दादा दोनला सुटतो. तवर थांबा ना."

"पोरीला जीभ आहे की!" काका म्हणाले, आणि परत बसले.

दादा काळ्या हातांनीच धावत आला. काकांनी स्वतः त्याच्या हातावर पाणी ओतलं. आता दर शनिवारी प्रार्थना दोननंतर.

तुझे गुडघे कसे आहेत? धाकटी रूथ माझी आठवण काढते का?

दादाची इथे वाट बघतात, आई. तू निवांत झोप.

तुझीच,
मिल्का