तापलेल्या जीपची तपासणी होईपर्यंत

प्रति,
मा. वाहन तपासणी अधिकारी साहेब,
नाशिक

विषय : पेठ नाक्यावरील प्रवासी जीप इंजिन तापवून तपासण्याबाबत, तसेच मी तिच्या चाकांची हवा का सोडते, त्याचा खुलासा.
संदर्भ : जीपचालक मंगळू भोये यांची माझ्याविरुद्ध तक्रार.

महोदय,

वरील तक्रार खरी आहे. हवा मीच सोडते. रोज सकाळी, गाडी भरायच्या आधी.

१. सदर जीप पूर्वी माझे पती कै. वाळू गावित चालवीत. घाट चढून इंजिन तापलं, त्यात गाडी भरलेली असली, की दाबलेला अ‍ॅक्सिलेटर वर येत नसे. पाय काढला तरी इंजिन ओरडतच राही. केबल बदलली, स्प्रिंग बदलली. मिस्त्रीकडे नेईपर्यंत गाडी थंड होई आणि गरीब गाईसारखी उभी राही. म्हणून पती अनवाणी चालवीत. पेडल अडकलं की पायाच्या अंगठ्यात धरून वर ओढीत. हा इलाज कुठल्या पुस्तकात नसावा, पण त्यावर आमचा संसार चालला. "भागू, बाकी राहू दे, अंगठा तेवढा चोळ," असं ते घरी आल्यावर म्हणत.

२. रस्त्यावरील तपासणीत अनवाणी चालवल्याबद्दल त्यांना दंड झाला. मालकाने बूट आणून दिले. बूट चांगले होते. त्याच आठवड्यात घाट उतरताना जीप वळणावर वळली नाही. पती आणि मागे बसलेली, बाजाराला निघालेली कुसाबाई, दोघं गेली.

३. अपघाताच्या अहवालात "अ‍ॅक्सिलेटर सुस्थितीत, चालकाचा अतिवेग" असं लिहिलं आहे. तपासणी कचेरीच्या आवारात, इंजिन बंद ठेवून झाली. ताप आलेल्या माणसाला तो गार पडल्यावर थर्मामीटर लावावा, तसं हे झालं.

४. जीप दुरुस्त होऊन, रंग लावून पुन्हा नाक्यावर उभी आहे. मंगळू भोये बूट घालून चालवतात. मी म्हटलं, "भाऊ, निदान बूट तरी काढ." तर म्हणाले, "मावशे, नवऱ्याचा राग माझ्या चाकावर नको काढू." सगळा नाका हसला.

तरी विनंती की, माणसांऐवजी भाताची पोती भरून जीप घाटात न्यावी. चालवणाऱ्या साहेबांनी कृपया अनवाणी बसावं.

तोवर हवा सोडणं बंद होणार नाही, क्षमा असावी. मंगळूभाऊ पंप मारतात आणि जातातच. पण आधी मला शिव्या घालतात. त्या कानावर पडल्या की कळतं, काल ते घाट उतरून घरी आले.

कळावे, आपल्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
भागुबाई वाळू गावित
पेठ नाका, नाशिक
दि. ९ फेब्रुवारी १९९९

सोबत : १) अहवालाची प्रत. २) बुटांचा जोड (परत नको).