शाळेत तुला मावशी म्हणायचं

माय,

चार दिवस झाले, त्याचा फोन आला होता. तो म्हणजे आपल्या शाळेतला तो जाडा, बसस्टँडजवळच्या किराणा दुकानवाल्याचा पोरगा, ज्याला आम्ही सगळे ढोल्या म्हणायचो आणि तू एकटी नावानं हाक मारायचीस. आता तो राळेगावकडं जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. माझा नंबर कुठून मिळवला कोणास ठाऊक. मी इकडं गुजरातेत फरशीच्या कारखान्यात खोकी रचत होतो, मशीनच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून बाहेर येऊन बोललो. आधी वाटलं गावात कोणी गेलं. तर म्हणतो, "तुह्या मायचा एखांदा फोटो हाय का बे तुह्याजवळ? आमच्या शाळेतल्या खिचडीच्या खोलीत लावाचा हाय." मी म्हटलं, पाहतो. पाहायचं काय होतं त्यात. तुझा एकच फोटो आहे आणि तो माझ्या पाकिटातच असतो. पण द्यायचं मन होईना. का होईना, ते इथं सांगू कोणाला, सोबतचे सगळे बिहारचे नाहीतर ओडिशाचे. म्हणून तुला लिहून राहिलो. सातवीनंतर एवढं लांब मी काही लिहिलं नाही, चुका होतील.

फोटो कशाला पाहिजे तेही त्यानं सांगितलं. "वर्षातून दोन खेपा पोरांचं वजन घ्या लागते. आता खेड्यातबी जाडी पोरं गंज वाढली, बिस्किटाचे पुडे खाऊन खाऊन. मी दार लावून एकेकाले आत बलावतो, आकडा कोणाले सांगत नाई. तरी पोरं घाबरते. तिथं कोणीतरी आपलं मानूस पाह्यजे ना बे. मले तं मावशी होती." शेवटचं वाक्य तो इतकं सहज बोलला, की माझ्या हातातला फोन गरम झाल्यासारखा वाटला. मले तं मावशी होती. मग मला कोण होतं?

तू शाळेत खिचडी शिजवायच्या कामावर लागलीस तेव्हा मी तिसरीत होतो. पहिल्या दिवशी घरून निघताना तू माझी कॉलर सरळ केली आणि म्हणालीस, "शाळेत मले माय म्हणू नको. मावशी म्हन, सगळे म्हणते तसं. नाई तं लोकं म्हणतीन, आपल्या पोट्ट्याले चारासाठी बाईनं काम धरलं." मला त्यात खेळ वाटला. पण दुपारी रांगेत थाळी पुढं करून मी विसरून माय म्हणालो आणि तू पाहिलंच नाहीस. पोरं फिदीफिदी हसली. मावशी म्हणालो, तेव्हा पळी हलली. त्या दिवसापासून मी सगळ्यात शेवटी बसायचो, कारण मला आधी वाढलं तर कोणीतरी बोललं असतं. माझ्या वाटेला यायची ती तळाला लागलेली, धुराचा वास मारणारी. चार वर्षं मी रोज दहा ते पाच माझ्याच मायला मावशी म्हणत होतो. याचं तुला काही वाटत होतं का, हे विचारायचं राहून गेलं.

त्याचं वेगळं होतं. आधीचे सर वऱ्हांड्यात काटा मांडून वजन घ्यायचे आणि दुसरे सर लिहीत म्हणून आकडा मोठ्यानं सांगायचे. तो चढला की सर म्हणायचे, "सरका रे, तांदळाचं पोतं आलं." आम्ही टाळ्या वाजवायचो. मीही वाजवायचो. मग तो वजनाच्या दिवशी गैरहजर राहायला लागला, पुढं शाळेत जेवायचाच बंद झाला. संडासाच्या भिंतीमागं बसून दुकानातले बिस्किटाचे पुडे खायचा, रिकामे कागद खिशात दाबायचा. आणि मग पुसदहून त्या नवीन मॅडम आल्या. त्यांनी काटा तुझ्या खोलीत नेला, तांदळाच्या पोत्यांच्या बाजूला. दार लावून एकेक पोरगं आत, आकडा फक्त वहीत. दारात तू. त्या दिवशी मी भांड्यांजवळ पाणी पीत होतो, तेव्हा ऐकलं मॅडम तुला काय सांगतात ते. "मावशी, त्याच्या थाळीत काही कमी करायचं नाही. त्याच्या थाळीकडं पाहायचंसुद्धा नाही. वाढायचं सगळ्यांना सारखं, आणि मैदानावर पळायचं तेही सगळ्यांनी." मग जेवणाआधी सगळ्या शाळेला परसबागेत पाणी घालायचं काम लागलं, हापशीवरून बादल्या आणायच्या, वांग्याला, पालकाला. एकट्याला कोणी काही म्हटलं नाही.

इथपर्यंत मला काही नव्हतं. पण तू त्याला वाढायला घेतलंस. वरणाची बादली घेऊन रांगेतून फिरायचं, कोणाला किती हे पळीनं ठरवायचं, याहून मोठा मान त्या शाळेत नव्हता. मी दोनदा मागितला होता. "तुले कसं देऊ," म्हणालीस, "तू माह्या पोटचा." म्हणजे पोटचा होतो म्हणून मावशी म्हणायचं, पोटचा होतो म्हणून शेवटी बसायचं आणि पोटचा होतो म्हणून बादलीही नाही. तो वाढून झालं की तुझ्याजवळ कट्ट्यावर बसायचा आणि तुम्ही दोघं एकाच वेळी जेवायचा. त्याला तू सांगायचीस, "दडून नको खाऊ रे राजा. जे खाचं ते माह्यासमोर खा, मी काही म्हणत नाई." राजा. मला घरी तू "अबे" म्हणायचीस. मी मोजून ठेवलं होतं, एका आठवड्यात तू त्याला सहादा राजा म्हणालीस.

पुढच्या वजनाच्या दिवशी मी मागच्या खिडकीशी गेलो. जाळी होती, पण काट्याचे लाल आकडे दिसत होते. बावन्न. दुपारी तो बादली घेऊन माझ्यासमोर आला आणि मी सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा ओरडलो, "ए बावन्न किलो, वरण वाढ." हशा झाला. त्यानं बादली खाली ठेवली, नीट ठेवली, थेंब सांडला नाही. पळी आत सोडली आणि फाटकातून घरी निघून गेला. मोठ्या सरांनी मला ऑफिसात बोलावलं. मॅडम उभ्या, तू दारात, हाताला पीठ. आकडा दोघींनाच माहीत होता, मॅडमला आणि तुला. सर म्हणाले, "तुले कोणं सांगितलं बे?" आणि मी म्हणालो, "मायनं."

त्या पहिल्या दिवसानंतर चार वर्षांनी शाळेत पुन्हा तुला माय म्हणालो, ते असं.

तू माझ्याकडं पाहिलंस. मग सरांना म्हणालीस, "हाव सर. घरी बोलली असन मी. चुकलं माह्यं." सर म्हणाले, पुन्हा असं झालं तर दुसरी बाई पाहू. मॅडम कितीतरी दिवस तुझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. वजनाच्या दिवशी दारात उभं राहायचं तुझं काम गेलं. मी घरी वाट पाहत होतो, आता बोलशील, आता मारशील. तू भाकर टाकत राहिलीस. दोन दिवसांनी तू त्याच्या घरी गेलीस माफी मागायला, मला न नेता. परत आलीस तेव्हा तुझा चेहरा नेहमीसारखाच होता. दुसऱ्या दिवशी खिचडीच्या खोलीच्या मागच्या खिडकीला तांदळाचं रिकामं पोतं खिळ्यांनी ठोकलेलं दिसलं. मला वाटलं, माश्या येऊ नयेत म्हणून असेल. आठवड्यानं तो शाळेत आला आणि तू त्याच्या हातात बादली दिलीस, काही झालंच नाही अशी. तो माझ्यासमोर आला, मला सगळ्यांइतकंच वाढलं आणि पुढं गेला.

ते पोतं कशासाठी होतं, हे मला चार दिवसांपूर्वी कळलं. तो फोनवर हसतहसत म्हणतो, अजून जाडाच आहे म्हणे, पण सायकलनं शाळेत जातो, "अबे, जाळीतून तुह्ये डोये दिसले होते मले. मावशी घरी माफी मागाले आली, तवा मी सांगून देल्लं. म्हटलं, मावशी, तुमी नाई, तो खिडकीत होता." मी विचारलं, माय काय म्हणाली. "काई नाई. मले म्हने, कोणाले सांगजो नोको, त्याची शाळा सुटन. आन मंग रडल्या थोड्या." शाळा तर माझी तशीही सुटली, सातवीतच. त्यानंतर सुरत, भिवंडी, हैदराबाद, आता हे. कुठंही वर्षाच्या वर टिकलो नाही. तू गेलीस तेव्हा मी हैदराबादेत होतो. तो तिरडीला खांदा द्यायला होता, हे मला नंतर दुसऱ्यांनीच सांगितलं.

तुला सांगतो, मी केलं त्याची लाज वाटते, ती आहेच. पण त्यापेक्षा जास्त हे लागतं, की माझ्याबद्दलची एक गोष्ट तुम्हा दोघांत होती आणि मी बाहेर होतो. तू रडलीस ती माझ्यासाठी, पण त्याच्यासमोर. घरी माझ्यासमोर भाकर टाकत राहिलीस. तुझं रडणं मी एकदाही पाहिलं नाही, त्यानं पाहिलं. आता त्याच्या शाळेतली, वजनाला घाबरणारी, न पाहिलेली पोरंही तुला मावशी म्हणणार.

फोटो तोच आहे, मॅडमनी स्नेहसंमेलनाच्या दिवशी काढलेला. तू पदर खोचून उभी, पळी हातात, आणि बाजूला तो बादलीसकट, त्याचा एक हात तुझ्या खांद्यावर. मी त्यात नाही. पाकिटात मी तो अर्धा दुमडून ठेवतो, त्याची बाजू मागं जाईल असा. आज सुट्टी होती. दुपारी फरशीवर ठेवून मोबाइलनं तुझ्याच अर्ध्याचा फोटो काढला आणि त्याला पाठवला. लिहिलं, एवढाच आहे. त्यानं लगेच जोडलेल्या हातांचं चित्र पाठवलं.

पाठवल्यावर मोठं करून पाहिलं तर तुझ्या खांद्यावर त्याची चार बोटं राहून गेलीत. तो ओळखेलच. पण त्याच्या शाळेतली पोरं त्याला विचारतील, मावशीच्या खांद्यावर हा हात कोणाचा. तेव्हा त्यानं सांगावं, तिच्या पोराचा, असं माझ्या मनात येऊन गेलं.