मधमाशीच्या मेणाचे बारा साचे

मी, तानाबाई हरिदास ताकसांडे, वय एकाहत्तर, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार पिपरी मेघे, जि. वर्धा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं शाबूत आहे. कोणाचा दाब नाही, कोणी भुलवलेलं नाही. वकिलांनी रागाची वाक्यं खोडायला सांगितली होती. ती खोडणार नाही.

१. दोन खोल्यांचं हे घर माझ्या मानधनातून उभं झालं आणि माझ्याच नावावर आहे. ते मुलगी पौर्णिमा हिला, पूर्णपणे. मुलगा अंकित याचा त्यात हक्क राहणार नाही. कारण कलम चारमध्ये आहे.

२. मेण वितळवायचं पातेलं, गाळायची कापडं आणि पितळेचे बारा साचे. हे कोणाला, ते पुढे सांगते. आधी खरी मेणबत्ती कशी ओळखायची ते लिहिते, कारण घेणाऱ्याला ते यायलाच पाहिजे. मधमाशीच्या मेणाची बत्ती न पेटवताही मधाचा वास देते. पेटवल्यावर घरभर घमघमाट सुटला तर अत्तर घातलंय समजावं. रंग पिवळा, कधी तपकिरी. दुधासारखी पांढरी दिसली तर दुकानदाराला लांबूनच हात जोडावे. थंडीत तिच्यावर पांढुरकी बुकणी धरते. अर्धवट लोक बुरशी म्हणून परत आणतात. फडक्याने पुसलं की जाते. वात सुतीच हवी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात स्वस्तातली बत्ती टिनाखाली मान टाकते, आमची ताठ राहते. विहारात वंदनेला लोक आमचीच बत्ती मागत ती यासाठी.

३. शेजारच्या अनुसयाबाईने सात वर्षांपूर्वी नेलेली माझी परात तिच्याकडेच राहू द्यावी. मागायला कोणी जाऊ नये. फक्त माझ्या मातीला येऊन तिने मोठ्याने रडू नये.

४. सन २०१९ ची वैशाख पौर्णिमा. आंजीच्या विहारासाठी आमच्या घरून शंभर बत्त्या गेल्या. वंदना संपायच्या आत अर्ध्या वाकल्या आणि मूर्तीमागची भिंत काळी झाली. मेण अंकित आणायचा, पण बत्त्या माझे पती ओतत, म्हणून लोक म्हणाले, "हरिदासचे डोये गेले, काहीही ओतून राह्यला." मीही भर अंगणात म्हटलं, "डोये गेले, आता नाकही गेलं काय तुमचं?" ते म्हणाले, "असन." त्यानंतर त्यांनी साच्याला हात लावला नाही. दोन वर्षांनी वारले.

पुढे अंकितच्या पलंगाखाली पॅराफिनच्या, म्हणजे स्वस्तातल्या खनिज मेणाच्या, लाद्या सापडल्या. विचारलं तर म्हणतो, "मले ओयखू आलं नाई, आई. दुकानदारानं फसवलं. बाबाले त्याच दिवशी सांगितलतं मी." म्हणजे बापाने पोराचं झाकलं आणि हा दोन वर्षं बापाची बदनामी मुकाट ऐकत बसला. निर्लज्ज. आणि ओळखू आलं नाही म्हणे. सातव्या वर्षी डोळे बांधून मी त्याच्या नाकाशी बत्त्या धरायची, एकदाही चुकला नाही. चुकला असता तर मी केव्हाच माफ केलं असतं.

५. साचे व पातेलं अंकितला, एका अटीवर. मी गेल्यावर माझ्या पुण्यानुमोदनाला त्याच विहारात उभं राहून त्याने सांगावं की भेसळ मी केली, बाबांनी नाही, आणि जाणून केली. रडगाणं लावू नये. न सांगितल्यास साचे मुलगी पौर्णिमा हिचे, आणि माझ्या फोटोपुढे त्याने बत्ती लावायची नाही.

६. पौर्णिमा, तो बोलो अथवा न बोलो, त्यानंतर तू ऊठ. सर्वांसमोर सांग की चाळीस वर्षं सोबत मेण गाळूनही आईने बाबांवर विश्वास ठेवला नाही, लोकांचं ऐकलं. मला हे कळलं तेव्हा ते नव्हते. नंतर तीन वर्षं दर पौर्णिमेला मी विहारात गेले, बसले आणि न बोलता परत आले. मुलाला निर्लज्ज लिहिलं आहे, ते खोडत नाही. तोच शब्द माझ्या नावापुढेही वाच.

हे सगळं दोघा साक्षीदारांनी माझ्या तोंडून ऐकलं आणि त्यांच्यादेखत मी सही केली.

सही: तानाबाई हरिदास ताकसांडे

साक्षीदार:
प्रफुल्ल वामन थूल, पिपरी मेघे
नलू देवराव मून, आंजी (मोठी)

ठिकाण: पिपरी मेघे
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२४