काजळावर आळ

॥ श्री ॥
जळगाव, ९ जानेवारी १९६८

सौ. भिकुअक्कांच्या चरणी कुंदाचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

तुमचे शेजारी लोटनभाऊ एस.टी. घेऊन धुळ्याला निघालेत, त्यांच्याच हाती हे पत्र देते आहे. तुमची भाची कुमुद आठवडाभर पिवळ्या सर्दीने बेजार आहे, अंगात तापही आहे. त्यात तुम्ही हौसेने पाठवलेलं काजळ परवा तिला घातलं, आणि आज उजवा डोळा टम्म सुजून मिटला! काजळ केलंत की मिरच्या कुटल्यात?

हे दवाखान्यात न्यायला निघाले होते, मीच अडवलं. आत्याच्या काजळाने डोळा सुजला असं डॉक्टरांना सांगायचं का? तुमचं नाव गावभर व्हायचं. लोणी लावलं आहे, उतरेल सूज.

लोभ आहे तो वाढवावा, काजळ वाढवू नये.

तुमची कुंदा

धुळे, त्याच दिवशी

चि. सौ. कुंदास अनेक आशीर्वाद.

लोटनभाऊंची गाडी लगेच परत निघते आहे, म्हणून घाईत लिहिते. बाईसाहेब, काजळ दोन्ही डोळ्यांत घातलंस ना? मग एकच कसा सुजला? माझं काजळ काय डोळा निवडून चावतं? आणि काजळाने ताप येतो हे तुझ्या माहेरी शिकवतात वाटतं.

थट्टा पुरे. मला भीती वाटते आहे, कुंदा. माझं नाव खुशाल बुडव, पण हे पत्र हातात असतानाच माझ्या भावाला, वनाला, बरोबर घे आणि पोरीला दवाखान्यात ने.

रागावलेली, तरी तुझीच,
अक्का

जळगाव, २५ जानेवारी १९६८

सौ. अक्कांस कुंदाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि तसेच उठलो, हे तारेने कळवलंच होतं. सर्दीचा पू नाकाशेजारच्या हाडाच्या पोकळीत साठून डोळ्यामागे शिरला होता. क्वचितच एखाद्या मुलाला असं होतं, पण झालं की डोळा जातो, मेंदूपर्यंतही पोचतं, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन करून पू काढला, पेनिसिलिनची इंजेक्शनं दिली. उशीर का केला म्हणून विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगितलं. नणंदेच्या नावासाठी लेकीचा डोळा पणाला लावणारी आई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली म्हणे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

काल पट्टी सोडली. डॉक्टरांनी तिचा डावा डोळा झाकला आणि काय दिसतं ते विचारलं. कुमुद त्यांच्या तोंडाकडे निरखून पाहत राहिली. मग ती म्हणाली की तुमनी मिशीमा एक पांढरा केस शे. सगळा वॉर्ड हसला, अक्का, आणि मी भिंतीला टेकून रडले.

रागवा, पण आम्हांला अंतर देऊ नका.

तुमची कुंदा