कोरड्या चुऱ्याची स्टुलं

१९ ऑक्टोबर

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही सगळे मजेत. बाबांचा गुडघा कुरकुरतो आणि आई बाबांवर, म्हणजे घर जागच्या जागी आहे.

आधी बातमी, नाहीतर फुटेन मी! आपली स्टुलं पास झाली. हो, तीच, पाण्याच्या टाकाऊ बाटल्यांची. काल मुख्याध्यापक स्वतः कारखान्यात आले. गेल्या वर्षी त्यांच्याच शाळेतल्या बाई आपलं स्टूल मोडून पडल्या होत्या, त्यामुळे सर बसायलाच तयार होईनात.

"आधी तुम्ही बसा," म्हणाले.

बसतेय कशाला, मी उभीच राहिले! वर बाबांनाही ओढून घेतलं. दोघं एका स्टुलावर, एकमेकांना धरून. आई ओरडली, "अहो, वय काय, करताय काय!" स्टूल हूं की चूं करेना. मग सर बसले, ते चहा संपेपर्यंत उठले नाहीत. दोनशे हवीत म्हणे!

बाबा भेटेल त्याला सांगत सुटले, "पोरीने नाव काढलं." आणि मला ते ऐकवेना.

दादा, ती पहिली स्टुलं तुझ्यामुळे मोडली नव्हती. बाटल्यांचा चुरा धुतल्यावर सहा तास गरम हवेत सुकवायचा, हे तूच मला शिकवलंस. त्या दिवशी तू साचा दुरुस्त करून आणायला गेला होतास. मला घाई. दोन तासांत चुरा हाताला कोरडा लागला, मी ओतला मशीनमध्ये. आत ओल राहिली की माल ठिसूळ होतो, हे मला चांगलं ठाऊक होतं. बाबा तुझ्यावर भडकले, "तूच मशीन जास्त तापवून ठेवलंस!" आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून उभी. तू बॅग भरलीस तेव्हाही. लाज वाटते रे मला.

काल संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. ते उठून कारखान्यात निघून गेले. आज सकाळी मी हे लिहायला बसले, तर म्हणाले, "खाली जागा सोड." वर्षभर तुझं नावही न घेणारा माणूस, दादा! सोडली आहे.

तू हवं ते बोल मला, पण समोर येऊन बोल.

तुझी,
भित्री धाकटी

दोनशे स्टुलं हिच्या एकटीच्याने व्हायची नाहीत. मी तुला काही न विचारता बोललो. चुकलो. घरी ये.
— बाबा