मानसीच्या गाडीचा मागचा टायर

शनिवार, दिवेलागणीला

उद्या मानसीची बाईकची पहिली शर्यत, आणि आज सड्यावर, डोंगरमाथ्यावरच्या कातळाच्या मोकळ्या पट्टीवर सरावात पोरगी पडता पडता वाचली. सुटताना इंजिनचा आवाज चढला, पण गाडी पुढे गेलीच नाही. मागचं चाक जागीच फिरलं नि आडवं सरकलं. मी ओरडलो, "क्लच अर्ध्यावर धर गो, मग सोड!"

"अर्ध्यावरच होता, बाबा! तुमच्या कानांना विचारा."

विचारलं. क्लच झटक्यात सोडला की इंजिन आधी दबकतं. हे दबकलंच नाही, नुसतं वर गेलं. म्हणजे पकडच नव्हती. का?

घरी येऊन टायरवर बोट फिरवलं. खोबरेल! मानसीच्या आईने, सुमनने, सकाळी दसऱ्याला माझी अवजारं तेलाने पुसते तशी गाडी पुसली, टायरसकट. टेम्पोतून नेली, म्हणून तेल तसंच राहिलं. आजवर त्या गाडीकडे बघतही नव्हती ही बाई. सांगू का? सांगितलं तर हबकेल, पोरीला शर्यतीला सोडणार नाही. नाही सांगितलं तर पहाटे पुन्हा चोळेल.

गुपचूप साबण घेऊन बसलो, तर मागे हजर. "अहो, चमकवलेला टायर धुताय कशाला?"

सांगून टाकलं. ती तडक आत गेली. वाटलं, झालं, शर्यत बोंबलली. तर आतून काथ्या घेऊन आली. "सरका. एवढं गॅरेज चालवता, घासता येत नाही." थोड्या वेळाने हळूच विचारलंन, "आता नाही ना घसरायची?"

"नाही," म्हटलं. पण उद्या मानसी सुटेल तेव्हा मी डोळे मिटून उभा राहणार. काय ते आवाजावरून कळेल.